कोठीतले वॉकर

अक्काने खोलीत पाऊल टाकलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला मास्तरांच्या कपाळावरचं टेंगूळ दिसलं. चांगलं लिंबाएवढं. वर पिवळं औषध फासलेलं. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं, कुणीतरी पुसलं होतं आणि मग तोंडाला कुलूप लावून निघून गेलं होतं.

"हे काय?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. चाळीस वर्षं लोकांचे कोट-पँटी शिवलेला माणूस. कापताना, बेतताना तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे अडचणीच्या वेळी तोंड न उघडणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

"मी भिंतीशी बोलतेय का?"

"लागलं जरा. कपाटाला."

"कपाट चालत आलं वाटतं तुमच्याकडे?"

पलीकडच्या खाटेवरचा ड्रायव्हर खुदकन हसला आणि अक्काची नजर पडताच त्याने खोकल्याचं सोंग घेतलं. त्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता, तीस वर्षं बस हाकलेल्या माणसाला आता कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं, आणि दिवसभर डोळे उघडे ठेवण्यापलीकडे त्याला काही कामही उरलं नव्हतं.

मास्तरांना या वृद्धाश्रमात येऊन चार महिने झाले होते. डाव्या पायातली शक्ती गेली, घरात बाथरूममध्ये दोनदा पडले, दुसऱ्यांदा पडले तेव्हा अक्काला काही उचलता आले नाहीत. तासभर ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसून राहिली, थोरला मुलगा कामावरून येईपर्यंत. त्यानंतर थोरल्याने हे ठिकाण शोधलं. अक्काने त्याला अजून माफ केलं नव्हतं. पण रोज दुपारी दोनच्या ठोक्याला ती इथे हजर असायची, धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन आणि तोंडाचा पट्टा सोबत घेऊन. ती फाटकातून आत शिरली की तिथल्या मदतनीस बायका हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत कामाला लागायच्या.

त्यातलीच एक दारात आली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, हातात चादरींचा गठ्ठा. दिवसभर गरागरा फिरायची म्हणून मास्तरांनी तिचं नाव रीळ ठेवलं होतं, आणि आता सगळेच तिला त्याच नावाने हाक मारत.

"अक्का, किरकोळच लागलंय. कपाटाला." जमिनीकडे बघत ती म्हणाली. "आणि ऑफिसातल्या साहेबांनी तुमच्या मुलाला बोलावलंय, चार वाजता. मास्तरांना वर हलवायचं म्हणतात. कागदावर सही पाहिजे म्हणे."

एवढं बोलून ती पसार झाली.

वर म्हणजे दुसरा मजला. तिथलं सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. एकदा लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबलं गेलं म्हणून अक्का तिथे पोचली होती. टीव्हीसमोर अर्धगोलात नऊ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला पुढून आडवी फळी, कमरेला पट्टा. एक म्हातारी त्या पट्ट्याची कड बोटांनी चाचपत बसली होती, शिवण उसवायला टोक शोधावं तशी. स्वतःच्या पायाने वर गेलेला एक पियानो शिकवणारा म्हातारा दोन महिन्यांत असा झाला की त्याला उभं करायला दोन माणसं लागायची आणि उभा केला तरी पाय त्याचं ऐकायचे नाहीत. वर गेलेला माणूस खाली आला तर स्ट्रेचरवरूनच यायचा.

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

"आता खरं सांगा. कसे पडलात?"

शेवटी ड्रायव्हरनेच तोंड उघडलं. "वहिनी, ते सांगायचे नाहीत. मी सांगतो. जेवणं झाली की ती रीळ येते आणि वॉकर उचलून नेते. थेट साडेतीनला परत आणून देते. मधल्या वेळात मास्तरांनी पडून राहायचं. आता डोक्याला सांगता येतं पडून राहा म्हणून. खालच्या भागाला कोण सांगणार?"

"वॉकर नेते? मला वाटायचं, धुवायला नेतात. कशाला?"

"वॉकर दिसला की माणूस उठतो, उठला की पडतो. म्हणून वॉकरच दिसू द्यायचा नाही. मी बस चालवायचो तेव्हा आमच्या डेपोतही असा एक शहाणा होता. ब्रेक आवाज करतात म्हणून त्याने ब्रेकच काढून ठेवले होते."

"आणि हे वॉकरशिवाय उठतात."

"उठायलाच लागतं."

अक्काने नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "उशाशी घंटी आहे ना? हात नाहीत तुम्हाला?"

"घंटी वाजवून काय सांगू त्या पोरीला?" मास्तर खिडकीकडेच बघत म्हणाले. "ये, माझी नाडी सोड, असं सांगू? वाजवली होती, नाही असं नाही. दोघीजणी आहेत त्या, आणि आम्ही एकतीस. ती येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मग तिने चादर बदलली, एका शब्दाने बोलली नाही. तिचं ते न बोलणंच जास्त लागलं मला."

त्यांनी पलंगाच्या कडेवर बोट ठेवलं. त्यांचं बोलणं आता गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं झालं. "इथून बाथरूमपर्यंत अकरा पावलं. पहिली सात ठीक आहेत. पलंगाची कड आहे, या ड्रायव्हरभाऊंची खाट आहे, कपाट आहे. पुढची चार पावलं मात्र नुसती भिंत. गुळगुळीत. तिथे एक दांडा ठोकून द्या म्हणून साहेबांना दोनदा सांगितलं. लिहून घेतलं म्हणाले."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं की तू ऐकत नाहीस. तू ओरडतेस."

हे अक्काला आवडलं नाही, आणि आवडलं नाही की तिचं जे व्हायचं तेच झालं. ती ताडकन उठली आणि बाहेर पडली.

कॉरिडॉरच्या टोकाला चादरी-टॉवेल ठेवायची कोठी होती. कपड्यांची गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर, त्यामुळे दार उघडंच होतं. अक्का गाडी ढकलून आत शिरली. फडताळांच्या खाली, भिंतीला लागून, एकात एक अडकवून नऊ वॉकर उभे केले होते. प्रत्येकाला खाटेच्या नंबरची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. कुठे मुठीवर चिंधी गुंडाळलेली, एकाला खालच्या बाजूला चष्म्याचं घर लटकवलेलं, आणि चौथ्याच्या मुठीवर जुन्या मोजपट्टीचा पिवळा तुकडा. तो मास्तरांचा. नऊ माणसांचे पाय काढून घेऊन इथे टॉवेलांच्या खाली रचून ठेवले होते, आणि ती नऊ माणसं आत्ता, या घटकेला, कुठे ना कुठे पलंगाच्या कडेवर बसून पुढच्या भिंतीचा अंदाज घेत असणार.

"रीळ!"

ही हाक स्वयंपाकघरापर्यंत गेली. रीळ धावत आली आणि दारातच थबकली.

"काय गं, लाज नाही वाटत? लंगड्या माणसाची काठी पळवायची आणि तो पडला की कपाटाच्या माथी मारायचं? तुझ्या बापाचा वॉकर असा कोंडून ठेवला असतास? बोल ना! आता का वाचा बसली?"

रीळने हातातला गठ्ठा गाडीवर ठेवला. मग ती कमरेवर हात ठेवून अक्काच्या समोर उभी राहिली.

"तुम्हीच सांगितलं होतंत!"

"मी?"

"दीड महिन्यापूर्वी मास्तर पहिल्यांदा पडले. मी स्वतः, माझ्या तोंडाने तुम्हाला सांगितलं, लपवलं नाही. तेव्हा इथेच, ह्याच कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर काय म्हणालात? 'हा माणूस मला पुन्हा उभा दिसला तर तुझी नोकरी गेलीच म्हणून समज.' माझ्या घरी दोन लेकरं आहेत, अक्का. तुम्हाला ते उभे दिसायला नको होते ना? दिसले नाहीत. मी वॉकर उचलला. चार दिवस बसून राहिले, मलाही वाटलं, चला, सुटलो. मग बाकीच्यांचे नातेवाईक तुमचं बघून तसंच बोलायला लागले, तेव्हा त्यांचेही उचलले. जेवणानंतर आम्ही दोघी असतो. एक भांडी गोळा करते, एक बिछाने बघते. एकतीस जणांना कुठून धरू?"

"किती वेळा पडले?"

"वॉकर उचलल्यापासून, आजची धरून चार."

"चार! आणि मला एका अक्षराने—"

"कुणाला सांगू? तुम्हाला?"

अक्काने तोंड उघडलं. तिचं उत्तर नेहमी विचाराच्या आधी तयार असायचं. सासूला, नणंदांना, थोरल्याच्या शाळेतल्या मास्तरणीला, अगदी मरणाच्या दारात टेकलेल्या सासऱ्यालाही तिने कधी उत्तराची वाट बघायला लावली नव्हती. पण आजची ती वाक्यं तिचीच होती. शब्द न शब्द तिचा. त्या दिवशी ती घरी जाताना बसमध्ये खूश होती, कशी जिरवली म्हणून.

तिने दोन्ही हातांनी मोजपट्टीवाला वॉकर ओढून बाहेर काढला. एकात एक अडकलेले, म्हणून आवाज मोठा झाला.

"बाकीचेही काढ," ती म्हणाली.

"साहेब येतील."

"येऊ दे. मी इथेच आहे."

चार वाजता थोरला आला. ऑफिसच्या कपड्यात, घाम पुसत, एक डोळा मोबाइलवर. त्याच्यामागून साहेब, टाय लावलेले, हातात फाइल. मास्तरांच्या खाटेशी उभं राहून साहेबांनी फाइल उघडली आणि लग्नाची पत्रिका वाचावी अशा गोड आवाजात सुरुवात केली.

"काळजीचं काही कारण नाही. वरचा विभाग पूर्ण सुरक्षित आहे. गेल्या वर्षभरात वर एकही व्यक्ती पडलेली नाही."

"भिंतीला खिळ्याने ठोकलेला फोटोसुद्धा पडत नाही," अक्का म्हणाली. "त्याला काय चांगली तब्येत म्हणायची?"

"आई, जरा ऐकून तर घे," थोरला म्हणाला.

"ऐकलं. आता माझं ऐका. हे चारदा पडले ते वॉकर नव्हता म्हणून पडले. जेवणानंतर दोन तास वॉकर कोठीत असतो. यांचाच नाही, नऊ जणांचा."

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी दारात उभ्या असलेल्या रीळकडे पाहिलं. "हे कुणाच्या परवानगीने चाललंय? मला काही कल्पना नाही. तुम्ही ऑफिसमध्ये या, तुमचा हिशोब आजच करून टाकतो."

"माझ्या परवानगीने," अक्का म्हणाली.

साहेबांनी हातातली फाइल मिटली.

"मी तिला दम दिला होता. हा माणूस उभा दिसला तर तुझी नोकरी गेली, असं म्हटलं होतं. तिने नोकरी सांभाळली. तुम्हाला कुणाला पट्टा बांधायचाच असेल तर आधी माझ्या तोंडाला बांधा, हे सगळं तिथून सुरू झालंय." हे बोलताना अक्काची मान ताठ होती, आणि मास्तर पहिल्यांदा खिडकी सोडून तिच्याकडे बघत होते. पन्नास वर्षांत तिने आपली चूक कबूल केल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. ड्रायव्हरने तर डोळेच मिटून घेतले, जणू समोर अपघात होणार आहे.

"पण साहेब, तुमचं काय?" अक्काचा आवाज आता चढला. "हिला हाकललंत की एकतीस माणसांना एकच बाई उरेल. मग कोण कोण पडेल ते मोजायला तुम्ही थांबणार का? यांनी दांडा मागितला, दोनदा. कुठे आहे तो दांडा? दाखवा मला. जेवणानंतर सगळी म्हातारी माणसं एकदमच लघवीला जातात, हे शाळेतल्या पोराला कळतं. त्या वेळी तुम्ही कुठे असता?"

"ती माझी जेवणाची वेळ असते."

"छान. म्हणजे तुमचं पोट भरतं तेव्हा यांचं ओटीपोट फुटत असतं!"

"आई!" थोरला ओरडला. त्याने मोबाइल खिशात घातला होता. "तू सगळ्यांना बोलतेस. पण त्या दिवशी बाबांना फरशीवरून मी उचललं. त्यांचं अंग गार पडलं होतं. अजून फोन वाजला की मला तेच दिसतं. पुन्हा पडले आणि डोकं फुटलं तर? तुझ्या शब्दांनी शिवून निघणार आहे का ते?"

पोराचा आवाज चिरकला होता. अक्काला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी तो लहानपणी तापात पडल्यावर असाच बोलायचा हेही आठवलं, आणि त्याचाही राग आला.

"फुटेल," ती म्हणाली. "फुटूही शकेल, मी कशाला खोटं बोलू? वर डोकं फुटणार नाही, बाकी काही शिल्लक राहणार नाही. पण यांना विचारलंय का कुणी? सगळे डोक्यावर उभे राहून बोलताहेत, जसं काही कापडाचा तागा पडलाय इथे."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"मला जायचंय," मास्तर म्हणाले.

"कुठे बाबा? घरी?"

"लघवीला. आणि तुमची चर्चा संपेपर्यंत ती थांबायची नाही."

रीळ पुढे झाली. वॉकर समोर ठेवला, पायात चपला सरकवल्या, नाडीची गाठ आधीच सैल करून दिली, इतक्या सहज की मास्तरांना लाजायला वेळच मिळाला नाही. मग ते उठले. ती डाव्या बाजूला, एक हात पाठीशी, ओढत नाही, ढकलत नाही, नुसता हात. टाय लावलेले साहेब बाजूला सरकले. कपाटापर्यंत मास्तर ठीक गेले. पुढे बाथरूमचं दार अरुंद, वॉकर तिरका करावा लागायचा, आणि तो तिरका करताना त्यांचा उजवा हात सवयीने भिंतीकडे गेला आणि गुळगुळीत रंगावरून सर्रकन खाली घसरला.

थोरला कधी तिथे पोचला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. भिंतीला पाठ लावून त्याने हात आडवा धरला होता. मास्तरांनी तो हात पकडला, दाबून बघितला आणि आत गेले.

दार लागलं. बाहेर चार माणसं आतल्या धारेचा आवाज ऐकत उभी होती आणि कुणालाच कुणाकडे बघवत नव्हतं.

"बसला तर इथेच बसायला हवा दांडा," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला. मग साहेबांना म्हणाला, "मी आज सही करत नाही. आठ दिवस द्या."

"आठ दिवसांत काही झालं तर जबाबदारी तुमची राहील."

"आमची, हिची आणि तुमचीही," अक्का म्हणाली. "जेवणानंतर ही भांड्यांना हात लावणार नाही. माणसं आडवी व्हायच्या आधी एकेकाला बाथरूमला नेऊन आणेल. भांडी तुमचा ऑफिसातला माणूस गोळा करेल, त्याचे हात काही मेणाचे नाहीत. वॉकर खाटेला टेकून राहतील. आणि दांडा उद्या."

"दोन-तीन दिवस लागतील."

"उद्या."

साहेबांनी लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी अक्का दोन वाजता फाटकातून आत आली तर रीळ पायऱ्यांवरच उभी होती. आत पळाली नाही. हातातला टॉवेल तिने पिळून पिळून दोरीसारखा केला होता.

"अक्का, तुम्हाला आधीच सांगते. मास्तर आज घसरले."

अक्काच्या छातीतून ते सगळं वर आलं, पूर्ण भरलेलं, तयार, एकेक शब्द धार लावलेला. तोंडाशी येऊन उभं राहिलं. रीळने डोळे बारीक केले, अंगावर पाणी येणार असल्यासारखे.

अक्काने ते सगळं गिळलं.

"कुठे?"

"बाथरूमच्या अलीकडे. त्या भिंतीपाशी."

"पायात काय होतं?"

"मोजे. एक चप्पल खाटेखाली गेली होती, आणि त्यांना घाई होती. मी शोधायला हवी होती."

"तू?"

"सोबतच होते. धरलं होतं मी. हळूच गुडघ्यावर टेकवलं त्यांना. लागलं नाही कुठेच, तुम्ही स्वतः बघा. बाकी पाच दिवसांत कुणीच पडलं नाही, नऊच्या नऊ जणांतलं."

"चपला पलंगाच्या पायाला अडकवून ठेवू. दोरी आणते उद्या." मग दाढ उपटावी तसे अक्काने पुढचे शब्द तोंडातून काढले. "सांगितलंस ते बरं केलंस."

रीळ बघतच राहिली.

"बघतेस काय? दांडा बसवला का त्या भिंतीला?"

"नाही अजून."

अक्काने कपड्यांची पिशवी तिच्या हातात दिली. खोलीकडे न वळता ती सरळ ऑफिसात गेली. दार लोटलेलं होतं. तिने ते न वाजवता उघडलं. साहेब टेबलावर रुमाल पसरून डबा खात होते. टाय खांद्यावरून मागे टाकला होता, भिजू नये म्हणून.

"माझी जेवणाची वेळ आहे," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. म्हणूनच आत्ता आले." गिळलेलं सगळं आता तिच्या आवाजात होतं, आणि यावेळी ते योग्य दारात आलं होतं. कॉरिडॉरमधल्या बायका थांबल्या. ड्रायव्हरने तिकडे खाटेवर मान उंच केली. "बूट काढा."

"काय?"

"बूट काढा. पायात मोजे राहू द्या. डावा पाय मोडलाय असं समजा आणि चला माझ्याबरोबर त्या भिंतीपाशी. चार पावलं चालून दाखवा. धरायला मिळालं तर धरा."

"अहो, हे काय चाललंय? मला जेवू तर द्या."

"तुम्हाला जोराची लागलीये, असं समजा," अक्का म्हणाली आणि साहेबांचा डबा झाकण लावून बाजूला सरकवला. "उठा."